पाचनईच्या वाटेचा तक्ता

रविवार, ७ डिसेंबर २०२५. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी जेवणाच्या टेबलावर कोरा फुलस्केप कागद ठेवला, पट्टीने चार रेघा आखल्या आणि वर लिहिले : हरिश्चंद्रगड, पाचनईमार्गे, एक दिवस.

आमच्या घरी प्रवास असाच ठरतो. लग्नकार्य असो वा दवाखाना, आधी तक्ता होतो. निघण्याची वेळ, अंतर, मुक्काम, सोबतची माणसे. मी पस्तीस वर्षे भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. कागदावर जे बसत नाही ते जमिनीवरही बसत नाही, असे मी मुलाला लहानपणी सांगितले आणि सुनेला लग्नानंतर. त्यांना ते पटले की नाही हे मी विचारले नाही. तक्ता मात्र दर वेळी होतो.

गडाची कल्पना नातीची. ती तेरा वर्षांची आहे. वर्गातले कोणी तरी गडावरचा कोकणकडा पाहून आले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. नेवाशाभोवती सपाटी आहे. ऊस, कांदा आणि प्रवरेचा काठ. इथल्या मुलांना उंची म्हणजे साखर कारखान्याची चिमणी. तेव्हा तिला डोंगर दाखवावा हे योग्यच होते. पुढचा रविवार ठरला. पहाटे चारला निघायचे, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले, राजूर करत पाचनईला पोचायचे, तिथून पायी वर जायचे आणि अंधार पडण्याआधी खाली यायचे.

सोबतची माणसे या रकान्यात मी मुलगा, सून, नात आणि स्वतः अशी चार नावे लिहिली. पत्नी समोर मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“पाचवं लिहा,” ती म्हणाली.

मुलाने चहाचा कप खाली ठेवला. मागच्या वर्षी तिच्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली आहे. डॉक्टरांनी सांगितले होते की सपाटीवर हवे तेवढे चाला, चढ चढण्याआधी मात्र मला विचारा. मुलाने हे सगळे पुन्हा एकदा सांगितले. आवाज न चढवता सांगितले, पण सांगितले. पाचनईला एखाद्या घरी बसून राहा, आम्ही चार तासांत येतो, असेही म्हणाला.

“बसायला मला नेवासं पुरतं,” ती म्हणाली.

नात हसली. सुनेने तिला डोळ्यांनी गप्प केले. मग पत्नीने मला विचारले, “वाट किती आहे?”

मी कपाटातून जुना नकाशा काढला. त्यावर वाटेच्या वळणावळणाने दोरा ठेवला, दोरा पट्टीवर धरला आणि प्रमाणाने गुणले. तीन किलोमीटरच्या किंचित आत.

“तीन किलोमीटर,” मी म्हणालो.

“तेवढं मी रोज नदीकाठानं चालते.”

ते खरे होते. गेले आठ महिने ती रोज सकाळी तेवढी चालत होती आणि एक दिवसही चुकली नव्हती. मी मुलाकडे पाहिले. त्याने कप पुन्हा उचलला. या घरात अंतराच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो. मी पाचवे नाव लिहिले. पत्नीने मेथीची जुडी संपवली आणि दुसरी घेतली. तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते. एखादे काम मार्गी लागल्यावर माणूस दिसतो तशी ती दिसत होती. ते मला तेव्हा जरा खटकले, पण मी पुढच्या रकान्याकडे वळलो.

दहाच्या सुमारास मी पाचनईला फोन केला. गडावर जाणाऱ्यांना तिथली काही कुटुंबे घरी जेवण देतात. असा एक नंबर मुलाने त्याच्या मित्राकडून आणला होता. फोन घरधन्यानेच उचलला. आवाजावरून माणूस पन्नाशीचा असावा. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा हे ठरले. मग किती माणसे आणि वये काय, असे त्याने विचारले. मी सांगितले.

“आजीबाई सत्तरीच्या? वर येनार?”

“तीनच किलोमीटर आहे. त्यांना चालण्याची सवय आहे.”

 तो म्हणाला, “साहेब, तीन किलोमीटर कागदावर हाय. आमी वाट तासावर मोजतो. पोरं दीड तासात जात्यात. तुमाला तीन लागतील. सरळ अंगावरचा चढ हाय, मधी कातळ हाय, रेलिंग हाय. आजींचं मी काय सांगू. तुमी मोठी मानसं.”

मी बरे म्हटले आणि फोन ठेवला.

चूक काय झाली हे मला त्याच क्षणी कळले. ती साधी चूक नव्हती. माझ्या धंद्याने मला लावलेले वळण होते. जमिनीच्या मोजणीत चढ धरत नाहीत. डोंगराच्या अंगावर मोजणीची साखळी टाकताना ती उतारावर लोळवायची नसते, आडवी, पातळीत धरायची असते. पुढचा माणूस ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडतो, तो टेकतो तिथे खूण, तिथून पुन्हा पुढची साखळी. अशी जिन्यासारखी मोजणी वर जाते. कारण सात-बारावर येणारे क्षेत्र सपाट असते. डोंगर कितीही उभा असला तरी कागदावर तो निजवूनच घ्यावा लागतो. मी तीस-पस्तीस वर्षे डोंगर निजवत आलो. आता त्या निजलेल्या डोंगरावर दोरा ठेवून पत्नीला वाट किती ते सांगितले होते. एखाद्या शिक्षकाने किंवा दुकानदाराने अशी चूक केली नसती. त्याने नुसते विचारले असते, चढ किती आहे?

मी नातीला बोलावले. तिच्या मोबाईलवर पाचनईची उंची आणि गडावरच्या देवळाजवळची उंची बघायला सांगितली. दोन्हींची वजाबाकी केली. मग टेप घेऊन आमच्या गच्चीचा जिना मोजला. अठरा पायऱ्या, एकेक पायरी साडेसहा इंच. भागाकार केला. गच्चीवर सव्वाशेहून अधिक वेळा चढण्याइतका तो चढ होता.

आकडा लिहून समाधान झाले नाही. आकड्यानेच सकाळी फसवले होते. म्हणून मी जिना चढू लागलो. वर जायचे, खाली यायचे, एक रेघ मारायची. नात पायरीवर बसून रेघा मारत होती.

“आजोबा, गच्चीची मोजणी कोणी मागितली? शेजाऱ्यांनी अर्ज केलाय का?”

मी उत्तर दिले नाही. श्वास वाचवणे आवश्यक होते. सातव्या वेळी मांड्या भरल्या. दहाव्या वेळी मी कठडा धरला. अकराव्या वेळी वर पोचून बसलो. मला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, पंचाहत्तरीला एक वर्ष कमी आहे. अजून शंभरावर चढ बाकी होते.

पत्नी वाळवणाचे ताट घेऊन गच्चीवर आली तेव्हा मी तसाच बसलेला होतो. तिने माझ्याकडे पाहिले, नातीच्या हातातल्या कागदाकडे पाहिले आणि नातीला खाली आईला मदत करायला पाठवले. मग ताट ठेवून समोरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसली.

मी तिला सांगितले की सकाळचे अंतर चुकले. साखळी, ओळंबा, सपाटी, सगळे समजावले. शेवटी म्हणालो, “तुझं नाव मी खोडतो. ही वाट तुझ्यासाठी नाही.”

“खोडू नका.”

“विषय हट्टाचा नाही.”

“हट्ट नाहीच आहे,” ती म्हणाली. “तुमच्या पत्रात दोन मैल लिहिलं होतं.”

कोणते पत्र हे तिने सांगितले नाही आणि मला विचारावे लागले नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी त्याच गडावर होतो. वनहद्दीची मोजणी होती. आमची तुकडी देवळाजवळच्या गुहेत महिनाभर मुक्कामाला होती. पत्नी इथे नेवाशाला माझ्या आईवडिलांजवळ होती आणि आमची पहिली मुलगी अकरा महिन्यांची होती. मी घरी एकच पत्र पाठवले. त्यात प्रकृती, हवा, जेवण आणि मुक्काम असा मजकूर होता. मुक्कामाविषयी एक वाक्य : खालच्या गावापासून आम्ही दोन मैलांवर आहोत, काळजी नसावी. मैल मी नकाशावरूनच लिहिले होते. तिला धीर यावा हाही हेतू होता.

त्या हिवाळ्यात मुलीला ताप भरला. वडिलांनी तार केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी गेली आणि लहान मूल म्हणून त्याच संध्याकाळी तिला पुरले. मी घरी चौथ्या दिवशी, दिवेलागणीला पोचलो. त्यानंतर या विषयावर आम्ही दोघे बोललो नाही. मुलगा झाला, तो मोठा झाला. त्याला एक बहीण होती हे त्याला माझ्या आईकडून कळले.

“दोन मैल उतरायला चार दिवस लागत नाहीत,” पत्नी म्हणाली. “एवढं मला तेव्हाही कळत होतं. मला ती वाट एकदा पायानं बघायची होती. म्हणून म्हटलं, पाचवं लिहा.”

तिने आजवर का विचारले नाही, हे मी विचारले नाही. उत्तर माझ्याजवळ होते. या घरात मला काही विचारण्याची रीत मीच राहू दिली नव्हती. तिने दोन मैल घेतले, चार दिवस घेतले आणि दोन्ही शेजारी ठेवून जगत राहिली. त्याचा मेळ तिच्या हिशेबाने एकाच प्रकारे बसत होता : मला यायचे नव्हते, किंवा यायची घाई नव्हती.

मी सांगायला सुरुवात केली. क्रमाने सांगितले, कारण मला दुसरे येत नाही. तार राजूरच्या पोस्टात दुसऱ्या दिवशी आली. पाचनईला तेव्हा गाडीरस्ता नव्हता. राजूरहून एक माणूस ती घेऊन पायी निघाला, रात्री पाचनईत थांबला आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी वर पोचला. तोपर्यंत इथे सगळे आटोपलेले होते. मी वरून उतरून पाचनईला आलो तेव्हा दिवस मावळला होता. रानातून रात्री जाऊ नका म्हणून गावकऱ्यांनी ठेवून घेतले. चौथ्या दिवशी पहाटे चालत राजूर, तिथून एस.टी., संगमनेरला गाडी बदलून नेवासे.

इथवर तिने मान हलवत ऐकले. मी इथे थांबलो असतो तर चालले असते. चढ, रान, रस्ता, तार. सगळे खरे होते आणि सगळे माझ्या बाजूचे होते. सव्वाशे जिन्यांचा आकडाही आता हाताशी होता. पण सकाळी एक अंतर चुकीचे सांगून झाले होते. त्याच दिवशी दुसरे सांगणे मला शक्य झाले नाही.

“तार हातात पडली तेव्हा साखळी टाकलेली होती,” मी म्हणालो. “हद्दीचा दगड समोर दिसत होता. ती रेषा अर्धी सोडली असती तर सगळी पुन्हा करावी लागली असती. मी ती पुरी केली. मग निघालो.”

“किती वेळ?”

“दोन तास.”

“तारेत काय लिहिलं होतं?”

“मुलगी अत्यवस्थ, निघा.”

ती ताटातल्या सांडग्यांकडे बघत राहिली. कावळे येत होते म्हणून तिने एकदा हात हलवला. खालून सुनेचा कुकर वाजला. मी वाट पाहिली.

“दोन तास,” ती म्हणाली. “मी चार दिवस धरून बसले होते.”

मी कठड्याला धरून उभा राहिलो.

“पण थांबलात.”

“हो.”

“लगेच निघाला असता तरी ती भेटली नसती.”

“ते मला तेव्हा माहीत नव्हतं,” मी म्हणालो.

 तिला रडू आले असते तर मला काय करावे हे कळले नसते. तिला ते आले नाही. तिने सांडगे एकेक करून उलटे केले, ताटावर पातळ फडके टाकले, चारही कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले आणि म्हणाली, “वरपर्यंत मला नाही जमायचं. ते कळलं. पण जिथवर जमेल तिथवर जायचं आहे. तुम्ही संध्याकाळी उतरलात ती वाट कशी आहे, ते पुरे.”

मी म्हणालो, “मी तुझ्याबरोबर थांबेन.”

“तुम्ही वर जा. तिला कडा कोण दाखवणार?”

“तिचा बाप दाखवेल.”

“बघा बाई,” ती म्हणाली आणि खाली गेली. जिना उतरताना कठडा धरला नाही. आठ महिने नदीकाठी चालल्याचा तो परिणाम असावा.

जेवणानंतर मी मुलाला समोर बसवले. सकाळचे अंतर चुकीचे होते, चूक माझी आहे, असे सांगितले. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटते, हे वाक्य त्याने माझ्या तोंडून प्रथमच ऐकले. त्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आधी साफ नको म्हटले, मग सगळे नीट ऐकून घेतले. सुरुवातीचा अर्धा तास, अगदी सावकाश, दर दहा मिनिटांनी बसून, जिभेखालची गोळी खिशात ठेवून. छातीत जड वाटले किंवा बोलताना दम लागला की तिथून मागे. एक पाऊलही पुढे नाही. मुलाने ते सगळे लिहून घेतले आणि कागद माझ्याकडे दिला. त्याने मला काही विचारले नाही. गच्चीवर काय बोलणे झाले हे मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. सांगावे लागेल.

तीनच्या सुमारास मी पाचनईला पुन्हा फोन केला. पहिल्या अर्ध्या तासात वाट कशी आहे ते विचारले. घरधनी म्हणाला की गावाबाहेर थोडी सपाटी, मग झाडीतून चढ, आणि पुढे एक ओढा लागतो, तिथे मोठी सावली आहे. डिसेंबरात पाणी थोडेच असते पण असते. आजींना तिथवर आमची पोरगी सोबत देईल, असे तो आपणहून म्हणाला. मी सांगितले की सोबत मी असेन. “मग तर झालंच,” तो म्हणाला, “तुमी दोघं दुपारी घरी या जेवायला. वरची मानसं त्यांच्या वेळानं येतील.”

त्याला मी विचारावे की नाही अशा विचारात होतो. शेवटी विचारले. जुन्या काळी तार घेऊन गडावर जाणारा गावातला कोणी माणूस त्याला आठवतो का? तो हसला. असे लई जण होते साहेब, म्हणाला, तेव्हा सगळं मानसांच्याच पायावर चालायचं. मी आभार मानले.

मग जुना तक्ता बाजूला ठेवून नवा केला. अंतराचा रकाना काढून टाकला आणि त्या जागी वेळ लिहिली. पाचनई ते ओढा : अर्धा तास, दोन माणसे. पाचनई ते कोकणकडा : तीन तास, तीन माणसे. नात कागद वाचून म्हणाली, “आजोबा, तुम्ही कड्यावर नाही?” मी म्हणालो, मी तो पाहिला आहे. ती थोडी हिरमुसली. मग कड्यावर काय काय बघायचे ते सांगा म्हणाली. मी तिला वारा खालून वर कसा येतो ते सांगितले. एका दुपारी आमच्या एका सहकाऱ्याची टोपी त्या वाऱ्याने वर उडवून परत त्याच्याच मागे आणून टाकली होती, तेही सांगितले. तिला ते पटले नाही. स्वतः टोपी घेऊन जाणार आहे.

पाच वाजता पत्नी तयार होऊन दाराशी आली. तिच्याकडे नदीकाठच्या फेरीसाठी साध्या चपला होत्या. त्या कातळावर चालणार नाहीत. आम्ही बाजारपेठेत गेलो. बूट तिने घातले नाहीत. आयुष्यात नाडी बांधली नाही, आता कशाला, म्हणाली. दुकानदाराने मागे पट्टा असलेली, खोल खाचांच्या तळाची सँडल काढली. ती घालून ती दुकानाच्या पायरीवर चढली आणि उतरली. दुकानदार म्हणाला, आजी, कुठं दौरा?

“ह्यांच्या जुन्या कामावर,” ती म्हणाली.

वाटेत फारसे बोलणे झाले नाही. मंदिराच्या वळणावर ती एकदा थांबली तेव्हा दम लागला का, असे मी विचारले. ती नाही म्हणाली. थोड्या वेळाने, समोर बघतच, तिने विचारले की तो दगड पुढे नकाशात आला का. कोणता दगड, हे मला कळले. आला, मी म्हणालो. ती पुढे चालू लागली.

घरी पोचल्यावर मी सँडल उजेडात धरून पाहिली. टाचेचा पट्टा कडक होता. असा पट्टा पहिल्या तासातच टाच सोलतो. दोन्ही पट्ट्यांना आतून खोबरेल तेल चोळले, मुरण्यासाठी उताण्या ठेवल्या आणि हात धुतले.